शिशाचं वायसर

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नाव काढलं. पोरीचं नाव काढून टाकलं त्यानं!

साधना दुपारच्या गाडीनं यवतमाळहून आली. चप्पल दारात, पिशवी दारात, अन् ती बाजेवर. जेवली नाही. मी दोनदा इचारलं. नातीले असो का कोणाले, तिसऱ्यांदा मी इचारत नसतो. मी ताट झाकून दुकानात आली, एका ट्रॅक्टरच्या बॅटरीचे सेल उपसाले घेतले, तेव्हा ती मांगं येऊन उभी राह्यली अन् सांगतलं.

तीन वर्सं झाले पोरगी यवतमाळले इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करून राह्यली. तिच्यावर अमर सर म्हून हाय. तीन वर्साच्या कामाचा लेख इंग्रजी मासिकात छापून येणार. पहिलं नाव अमर सर. दुसरं सुरभी. सुरभी म्हणजे त्याची पुतणी, चार महिने झाले आली, भट्टीजवळ गेलं तं ओढणीले वास लागते म्हणते. तिसरं नाव नाहीच. साधना कुठंच नाही.

पोरगी इचाराले गेली. तं काय म्हणे, "तुला फेलोशिप मिळतेच ना? मग नाव कशाला हवंय?"

हे वाक्य जसंच्या तसं लेहून ठेवलं. मी विसरत नसतो. पण कागदावर असलं का धार राह्यते.

मी त्याले सोडत नाही.

२५ नोव्हेंबर

साधनाचं काम मले समजते तेवढं लेहतो. मी चौथी शिकली, पण शिशाचं मले कोणी शिकवू नाही.

सूर्यात जशी आग हाय तशी मशीनीत पेटवाची म्हणतात. नीट अजून कोणाची पेटली नाही. पेटली का तिची गरमी बाहेर आणाले नळातून पातळ शिसं फिरवाचं, त्यात लिथियम नावाचा दुसरा धातू मिसळून. पण हे शिसं पोलादाचे नळ आतून खाते. म्हून नळाले आतून लेप. चिनीमातीच्या जातीचा, पातळ, केसाहून पातळ. अन् त्या लेपाले तडा गेला तं? आत माणूस जाऊ शकत नाही, जिता नाही येणार. म्हून लेप असा पाह्यजे का आपला तडा आपणच भरन. हाताची खरचट भरते तसा.

बस. एवढ्याचं तीन वर्सं इंग्रजी.

हे तिले सुचलं कुठून? माह्या दुकानातून. डोमाजीनं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, ट्रकची जुनी कमानपट्टी ठोकून एक पळी केली होती. चाळीस वर्सं झाले, शिसं तिनंच ओततो. साधना लहानपणी उन्हाळाभर इथं राहे. एकदा खिळ्यानं पळीच्या पोटात आपलं नाव कोरून ठेवलं. मी धपाटा देला, कारण जिथं खरवडलं तिथं शिसं चिकटते. डोमाजीनं पळी हातात घेतली. पळी उघड्या शेगडीत लाल केली, थंडी होऊ देली, मंग लाल केली. दिवसभर तेच. संध्याकाळी नाव काळ्या साईखाली बुजून गेलं अन् शिसं चिकटाचं बंद! पोरगी म्हणे, आबा, हे आपोआप कसं भरलं? तो म्हणे, लोखंडाले हवा लागली का साय धरते.

ही गोठ तिनं सरले पहिल्याच वर्सी सांगतली होती. तो हासला. "पळीवर विज्ञान चालत नाही."

हासला, अन् तीन वर्सं त्याच पळीनं जेवला.

२६ नोव्हेंबर

अर्ज कर म्हणलं. नाही म्हणते. अर्ज ज्याच्याकडं जाते तो सरसोबत चहा पेते. मंग भांड म्हणलं. भांडतही नाही. "आजी, पाहू." पाहू! हिचा आजा असाच होता, थंडा. मले थंडी माणसं समजत नाही. सकाळच्या गाडीनं गेली, पुन्हा त्याच्याच भट्टीवर.

२९ नोव्हेंबर

गिऱ्हाईक नाही. राग हाय.

२ डिसेंबर

भावसिंगले सांगतलं. बावीस वर्सं झाले माह्या दुकानात हाय तो. तांड्यावरून येते, बॅटऱ्या उचलते, कारण माह्या मनगटात आता जोर नाही. त्याले राग लवकर येते अन् अक्कल उशिरा. म्हणे, सरची गाडी कुठं उभी राह्यते ते सांगा बाई, चारही चाकं बसवतो. मी म्हणलं, चाकात हवा पुढच्या चौकात भरून मिळते. मंग म्हणे, त्याच्या बायकोले फोन लावतो अन् कायबी सांगतो. मी म्हणलं, तुह्या बायकोले कोणी असा फोन लावला तं? इचार करत बसला. मंग हळूच म्हणे, "तिले खरंच वाटन."

नाही. चाकं नको, बायको नको, त्याची पुतणीही नको. जिथं त्यानं आमचं नाव काढलं, तिथंच त्याचं तोंड काळं झालं पाह्यजे. मोठ्या लोकायसमोर. अन् त्याले हे समजू नाही का मारलं कोणं.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेलती, पांढरं नेसून. साधनाही आलती. वंदना झाली. मन शांत ठेवा म्हणाले. मी डोळे मिटले तं अमर सर दिसला. उघडेच ठेवले मंग.

घरी येऊन चहा टाकला. पोरीनं आज जरा तोंड उघडलं. आठ-नऊ जानेवारीले गुजरातकडून मोठ्या प्रयोगशाळेचे पाहुणे येऊन राह्यले. त्यायची मुख्य कोणी ममता मॅडम. तिले पसंत पडलं तं कॉलेजले लय मोठं काम भेटन, अन् सरचं नाव दिल्लीपर्यंत जाईन. लेपाच्या पट्टीवर ओरखडा मारून तो शिशाच्या भट्टीत कसा भरते ते समोर दाखवाचं. बोलणार सुरभी. पाना-पकड देणार साधना.

पोरगी पाना-पकड देणार!

मंग भट्टीच्या झाकणाची गोठ निघाली. ते पहिल्यापासून गळकं हाय. रबरी वायसर करपते, थोडी थोडी हवा आत जाते. सरले त्याची लाज वाटते. पाहुण्यायसमोर पक्कं झाकण पाह्यजे म्हणते, हवेचा कण आत नाही गेला पाह्यजे. मी इचारलं, आतापर्यंत किती ओरखडे भरले? म्हणे सतरापैकी सोळा. अन् सतरावा?

"त्या दिवशी वायसर नवं होतं, आजी."

असं म्हणून चहा पेऊ लागली.

माह्या हातातला कप तसाच राह्यला. वायसर नवं, म्हणजे हवा नाही. हवा नाही तं साय कुठून धरन? पळी मी बंद डब्यात लाल करतो का कधी! माह्यासारख्या बाईले हे दोन घोटात समजलं, अन् त्या डॉक्टरले तीन वर्सात नाही. साधनाले समजलं का म्हून तोंडाकडं पाह्यलं. ती दुधाच्या गंजावरचं झाकण उचलून पाहत होती. म्हणे, झाकून ठेवलं तं साय धरते का ग? म्हणलं, पातळ धरते. एवढी शिकली अन् हे इचारते. तिच्याही डोक्यात नाही आलं.

जन्मात पहिल्यांदा तोंडाले कुलूप लावलं, अन् गोड लागलं.

७ डिसेंबर

करू दे त्याले पक्कं झाकण. करू दे. देव मानत नाही मी, नाहीतर नवस केला असता.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आला! आपल्या पायानं आला!

दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. वाटलं बॅटरी बसली असन. चष्मेवाला उतरला, इस्तरीचा सदरा, चिखल नाही तरी पाय उचलून चालते. "मावशी, शिशाचं वायसर ओतणाऱ्या तुम्हीच का? मी यवतमाळच्या कॉलेजातून आलोय, प्रोफेसर अमर." भावसिंगच्या हातातला चिमटा पडला. मी त्याच्याकडं असं पाह्यलं का त्यानं चिमटा उचलला अन् आत गेला.

मी कोण ते त्याले मालूम नाही. कसं असन? साधनाचा बाप महागावचा, आडनाव वेगळं, अन् माह्या पाटीवर 'डोमाजी बॅटरी वर्क्स' एवढंच हाय. लॅबमधल्या कोणी पत्ता देला म्हणे. देईनच. आर्णीच्या नळयोजनेचे बिडाचे नळ डोमाजीनं अन् मी शिसं ठासून जोडले होते. आमचा सांधा गळला असं आजपावतर कोणी म्हणलं नाही.

खिशातून छापील चिठ्ठी काढून देली. स्वतः पाह्यलीही नाही. चिठ्ठी मात्र बरी होती, कामाची. घेर सहा इंच तीन सूत, जाडी दोन सूत. इंचाचे आठ सूत, आमच्या दुकानात दुसरं माप नाही. मिलिमीटरची भानगड नाही, दशांश नाही. चिठ्ठीपुरता मले तो माणूस बराच वाटला. पाणी पेला असता तं देलं असतं, पण तो बाटली घेऊनच उतरला होता.

भट्टीवर शिसं वितळणार नाही का इचारलं. तं म्हणे झाकणाच्या कडेनं थंड पाण्याची नळी फिरते, तिथं नाही वितळत. अन् मंग बोट वर करून,

"एकच लक्षात ठेवा मावशी. हवा आत जायला नको. अजिबात."

मी म्हणलं, अजिबात नाही जाणार.

एक शब्द सांगतला असता तं याचं सगळं वाचलं असतं. शब्द जिभेवर होता. गिळला.

पावतीसाठी नाव इचारलं. "अमर लिहा." मी म्हणलं, पूर्ण सांगा सर, आमच्या दुकानात कोणाचं नाव कापत नाही. हासला. पूर्ण सांगतलं. मी एकेक अक्षर कोरून लेहलं.

१५ डिसेंबर

बॅटरीचं शिसं कडक असते. वायसरले मऊ पाह्यजे, म्हणजे दाबलं का दोन लोखंडायच्या मधात बसून जाते. जुन्या केबलवरचं शिसं डोमाजीनं माळ्यावर ठेवलं होतं. तो गेल्यापासून सोळा वर्सं कोणाले हात लावू देला नाही त्याले. आज काढलं.

साच्याले काजळी धरली. डोमाजीची पळी. पहिलं ओतलं तं एका जागी सुरकुती आली. दुसऱ्या कोणाचं असतं तं चाललं असतं. वितळवलं. दुसरं ओतलं. कानशीनं घासलं, मंग दोन तव्याच्या मधात आवळलं, सायकलच्या पंपानं हवा भरली अन् टोपल्यात पाणी घेऊन बुडवलं. भावसिंग अन् मी गुडघ्यावर बसून पाहत राह्यलो. एक बुडबुडा नाही. एक नाही!

चाळीस वर्सात असं काम झालं नव्हतं माह्या हातून.

भावसिंग म्हणे, अशा माणसाले इतकं चोख काम कायले बाई? थोडं ढिलं ठेवा, फजिती होईन त्याची. मी म्हणलं, भैताडा, ढिलं ठेवलं तंच वाचन तो. त्यानं मागतलं तेच देऊन राह्यली. याच्याहून वाईट मी त्याले काही देऊ शकत नाही.

त्याले समजलं नाही. समजावून सांगाले मी मास्तरीण नाही.

१८ डिसेंबर

सर वायसर घेऊन गेला. उन्हात धरून पाह्यलं. "वा मावशी, कारखान्यातलं वाटतंय." दुसऱ्यायलेही सांगतो म्हणे. सांग म्हणलं. नऊ तारखेनंतर सांग.

(हे शेवटचं मनात.)

२८ डिसेंबर, रविवार

साधना आली. वाळली. सुरभीले बोलाचं शिकवून राह्यली म्हणे, कोणत्या पट्टीले काय म्हणाचं. ज्यानं ताट हिसकलं त्याच्या पुतणीले घास भरवते ही!

दोनदा माह्या तोंडावर आलं होतं का सांगू, झाकण घट्ट हाय, भरणार नाही ओरखडा, हास तू थोडी. नाही सांगतलं. साधी हाय. जाऊन सरले सांगून देईन, तीन वर्साचं काम मातीत जाऊ देणार नाही. राग धराले छाती लागते, ती तिच्या आजाची नाही, माही हाय.

जाताना म्हणे, आजी, आबाची पळी देतं का दोन आठवडे? कायले? "असू दे. जवळ असली का बरं वाटते." दुसरी पळी हाय माह्याकडं, देली. धडक्यात गुंडाळून घेऊन गेली.

१ जानेवारी २०२६

आठ दिवस.

५ जानेवारी

चार. काल भावसिंगले इनाकारण बोलली. मंग त्याच्यासाठी भजे केले.

९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी चारले साधनाचा फोन. आवाज नेहमीसारखा. "नाही भरला, आजी."

काल सगळ्यायसमोर ओरखडा मारला, पट्टी भट्टीत टांगली, झाकण आवळलं. आज काढली तं ओरखडा तसाच, अन् त्यातून शिसं आत शिरून पट्टी खाऊन टाकली. चिंचेएवढं भगदाड. सुरभी बोलता बोलता रडाले लागली. ममता मॅडमनं सरले तीनदा इचारलं, काहून नाही भरला? सर घाम पुसत राह्यला म्हणे, थंडीत!

मी भावसिंगले पन्नास पावलं पळवलं जिलबीसाठी. फोन कानालेच होता. तिकडून पोरगी म्हणे,

"अन् सरनं सांगतलं, हे काम सगळं साधनाचं हाय."

म्हणलं, काय?

"योजना साधनाची, पट्ट्या साधनाच्या, भट्टी साधनाची. मी फक्त वरून पाहत होतो, म्हणाले. पाहुण्यायच्या वहीत लेहून देलं तसं. सही केली."

तीन वर्सं जे नाव लपवलं, ते भगदाड पडल्याबराबर काढून देलं. घ्या, तुमचंच हाय. अन् ते भगदाड कोणं पाडलं? म्या. त्याच्यासाठी पाडलं होतं, पोरीच्या अंगावर जाऊन पडलं.

जिलबी आली. भावसिंगनं खाल्ली. मी पुड्यालेही हात लावला नाही.

त्याच दिवशी, दिवे लागताना

साधनाले पुन्हा फोन लावला. सांगणार होती. तिनं मले बोलूच देलं नाही. पाहुणे उद्या दुपारपावतर हायत, मॅडमची परवानगी काढून पट्टी अजून एकदा टांगली म्हणे, कामात हाय, ठेवते. ठेवला!

उद्या जातो. झाकणाचं मी सांगीन. लोक हासले तं हासले. काम चोख होतं, नियत खोटी होती, असं सांगीन. डोमाजीच्या पाटीवर शिंतोडे उडतीन. उडू दे. पाटी धुता येते.

१० जानेवारी, शनिवार

भावसिंगच्या गाडीवर गेली. आर्णी ते यवतमाळ, थंडीनं गुडघे आखडले, तो म्हणे बाई धरून बसा, म्हणलं तू समोर पाह्य.

कॉलेजचा शिपाई म्हणे कोणाकडं? मी म्हणलं झाकणाकडं. भावसिंगनं हात जोडून काहीतरी सांगतलं, सोडलं त्यानं.

खोली म्हणजे दुकानच, फक्त झाडलेलं. मधात भट्टी, तिच्यावर झाकण. माह्यं वायसर मले दुरूनच दिसलं. पाच-सहा पाहुणे. ममता मॅडम माह्याच वयाची निघाली, साधी सुती साडी, पायात बूट. अमर सर खिडकीजवळ. सुरभी कोपऱ्यात, डोळे सुजलेले. तिच्याकडं पाहून मले जो राग येणार होता तो आला नाही, कामून कोण जाणे. पोरगीच हाय तीही.

सर म्हणे, "मावशी, तुम्ही इथे?"

मी त्याच्याकडं पाह्यलं नाही. मॅडमले म्हणलं, हे वायसर मी केलं. साधना माही नात. घट्ट झाकणात साय धरत नाही हे मले पहिलेच मालूम होतं, तरी केलं. सरची फजिती व्हावी म्हून केलं. पोरीची चूक नाही. पोरीले यातलं काहीच मालूम नाही.

मॅडम काही बोलणार, तं साधना म्हणे,

"आजी, बस. खुर्ची घे."

एवढ्या थंड्या आवाजात का मी बसली! मी, जी कोणाच्या सांगण्यानं बसत नाही.

साधनानं कामाची वही काढली. रोज काय केलं ते लेहाचं, अन् दर सोमवारी सरनं पानावर सही कराची, असा तिथं कायदा हाय. आठ डिसेंबरचं पान मॅडमपुढं ठेवलं. मॅडमनं मोठ्यानं वाचलं, इंग्रजी, मंग माह्याकडं पाहून हिंदीत सांगतलं. झाकण पूर्ण बंद केलं तं ओरखडा भरणार नाही, पट्टी खाल्ली जाईन. झाकण दोन आटे ढिलं केलं, तेवढीच हवा देली, तं भरन. जास्त देली तं लिथियम बिघडन. खाली सरची सही. एक महिना आधीची.

मॅडमनं इचारलं, सर, हे तुम्ही वाचलं होतं?

सर म्हणे, हो... म्हणजे... सह्या खूप असतात.

न वाचता सही करते! पोरीच्या तीन वर्साच्या पानायवर न वाचता सह्या!

मंग साधनानं भट्टी उघडली. काल संध्याकाळी मॅडमच्या समोर झाकण दोन आटे ढिलं करून नवी पट्टी टांगली होती. चिमट्यानं काढली, थंडी होऊ देली. ओरखड्याच्या जागी बारीक करडी रेघ, भरलेली, शिसं कुठं चिकटलं नाही. मॅडमनं भिंगातून पाह्यलं, मंग दुसऱ्या पाहुण्याले देलं, मंग त्यानं तिसऱ्याले. मंग साधनानं धडक्यातून डोमाजीची पळी काढून टेबलावर ठेवली अन् म्हणे, हे मी इथं शिकली.

मॅडमनं पळी दोन हातानं उचलली. आत बोट फिरवलं. सर ज्याले हासला होता ती पळी.

मंग सर म्हणाले लागला का मार्गदर्शन तं माह्यंच होतं, मूळ कल्पना चर्चेतून आली. मॅडमनं पाहुण्यायची कालची वही उघडली. त्याच्याच हातचं. योजना साधनाची, पट्ट्या साधनाच्या, भट्टी साधनाची, मी फक्त वरून पाहत होतो. सही.

मॅडम म्हणाल्या, "आपने तो खुद लिख के दिया है, सर. मासिकवालों को भी यही लिख भेजिए. आज ही."

सरनं समोर बसून चिठ्ठी लेहली. लेहताना मान वर नाही. मी खुर्ची थोडी पुढं सरकवून बसली, नीट दिसावं म्हून.

यवतमाळहून येताना वाऱ्यानं डोळ्यात पाणी येत होतं. भावसिंग म्हणे रडता का बाई. म्हणलं वारा हाय. आर्णीत शिरताना जिलबी घेतली. आज खाल्ली. माह्या वायसरनं पाडला त्याले! काही म्हणा, पाडला माह्याच हातानं.

११ जानेवारी

झोप बरी लागली. गुडघे दुखून राह्यले. दुखू दे.

१२ जानेवारी, सोमवार

पावत्या खिळ्याले लावताना सरची ती छापील चिठ्ठी हातात आली. घेर सहा इंच तीन सूत. जाडी दोन सूत.

कॉलेजात सूत कोण लेहते? सूत मालूम असणारी तिथं एकच.

दुपारी पोरगी पळी घेऊन आली. चिठ्ठी तिच्यापुढं धरली. तिनं वाचली नाही. पळी जागेवर टांगली, अन् म्हणे, "दुसऱ्या कोणं इतकं घट्ट केलं नसतं, आजी."

त्या दिवशी चहा पेता पेता पोरगी माह्या रागाचं माप घेऊन गेलती. सुतात.